सॅम्युअल गॉम्पर्स : सिगार वळणाऱ्याचे मेज

भारतात १९६६ साली झालेल्या एका कामगार कायद्याच्या नावात बिडी आणि सिगार हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. मी सोलापुरात वाढलो, त्यामुळे त्यांपैकी पहिला शब्द मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्या घरामागे राहणाऱ्या एक काकू दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत असत, आणि दुपारी आजूबाजूच्या चार-पाच जणी आपापली सुपे घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. हात अखंड चालू, नजर पानावर, पण कान आणि तोंड मात्र पूर्ण मोकळे, अशी ती बैठक असे. सुट्टीच्या दिवसांत त्या मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसवत आणि मोबदला म्हणून भाजलेल्या शेंगा देत. सिगार हा दुसरा शब्द मात्र माझ्यासाठी बरीच वर्षे केवळ चित्रपटातील श्रीमंत खलनायकाशी जोडलेला होता. सिगार वळणाराही कोणी असतो आणि तोही असाच बसतो, हे मला सॅम्युअल गॉम्पर्स यांचे चरित्र वाचताना प्रथम कळले. कारखान्यात एकाने वाचायचे, बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे आणि वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या काही सिगार त्याला द्यायच्या, ही त्या धंद्यातील रीत वाचली तेव्हा मला माझ्या शेंगा आठवल्या.

गॉम्पर्स अमेरिकेच्या कामगार चळवळीतील सर्वांत मोठ्या संघटनेचे जवळजवळ चार दशके अध्यक्ष होते आणि त्यांच्याविषयी लिहिताना सहसा त्याच पदापासून सुरुवात केली जाते. मला मात्र ते पद दुय्यम वाटते. त्यांच्या राजकारणातील बहुतेक सगळे, चांगले तसेच वाईटही, सिगारच्या मेजावर बसून शिकलेले आहे, आणि मेजापासून दूर गेल्यावर त्यांनी त्यात फारशी भर घातली नाही, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १८५० रोजी लंडनच्या पूर्व भागातील स्पिटलफील्ड्स या वस्तीत झाला. घराणे ज्यू, मूळचे अ‍ॅमस्टरडॅमचे, आणि वडील सॉलोमन सिगार वळणारे. ही वस्ती एके काळी रेशीम विणकरांची होती; यंत्रमाग आल्यावर त्या विणकरांचा धंदा बसला. काम मिळेना म्हणून रस्त्यावर येरझाऱ्या घालत, हात चोळत, बायकापोरांच्या भाकरीसाठी आकांत करणारी ती माणसे या मुलाने पाहिली, आणि म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही ते आवाज त्यांच्या कानांत होते. विणकर आणि यंत्रमाग हे दोन शब्द एकत्र आले की सोलापूरकराला अधिक काही सांगावे लागत नाही. ज्यू मुलांच्या धर्मादाय शाळेत सॅम्युअल सहाव्या वर्षी गेला आणि दहाव्या वर्षी त्याला शाळा सोडावी लागली. प्रथम चांभाराच्या हाताखाली काही काळ काढला. पण तो धंदा त्याला आवडला नाही, आणि तो वडिलांच्या शेजारी सिगार वळायला बसला.

लंडनच्या सिगार कामगारांच्या संघटनेकडे एक वेगळा निधी होता. ज्या सभासदांना अमेरिकेला जायचे असेल त्यांना त्यातून प्रवासासाठी मदत मिळे. यामागचा हिशेब सरळ होता. बेकार हातांची गर्दी कमी झाली की मागे राहणाऱ्यांचा दर टिकतो. गॉम्पर्स कुटुंब याच मदतीने १० जून १८६३ रोजी ‘सिटी ऑफ लंडन’ नावाच्या शिडाच्या जहाजातून निघाले आणि सात आठवड्यांनी, २९ जुलैला, न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डन धक्क्यावर उतरले. पुढे आयुष्यभर स्थलांतरितांची संख्या रोखण्यासाठी झटणारा हा माणूस स्वतः एका युनियनच्या पैशाने स्थलांतरित झाला होता, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे मला परत यायचे आहे.

ते उतरले तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये झालेली दंगल शमून दोन आठवडेही झाले नव्हते. त्या दंगलीत गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांना वेचून मारले होते. जहाजावर एका कृष्णवर्णीय माणसाने या कुटुंबाला बरीच मदत केली होती, म्हणून धक्क्यावर निरोप घेताना सॉलोमन यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि तेवढ्यावरून लोक जमून दोघांनाही दिव्याच्या खांबाला लटकवण्याच्या धमक्या देऊ लागले. नव्या देशात झालेले हे पहिले स्वागत.

पुढील दीड वर्ष बापलेक न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडमधील आपल्या खोलीतच सिगार वळत होते. चौदाव्या वर्षी, १८६४ मध्ये, सॅम्युअल सिगार कामगारांच्या स्थानिक शाखेचा सभासद झाला आणि त्यानंतर कारखान्यात काम करू लागला. सतरावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याच कारखान्यातील सोळा वर्षांच्या सोफिया ज्युलियनशी लग्न केले.

सिगार वळणे म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. आतल्या पानांची जुडी हातात घेऊन तिला योग्य तेवढाच दाब द्यायचा. घट्ट झाली तर ओढता येत नाही, सैल झाली तर भराभर जळून जाते. त्या जुडीला एका पानाने आवळायचे आणि मग वरून नितळ, न फाटलेले, शिरा न दिसणारे पान तिरके गुंडाळत न्यायचे. पान महाग असल्याने ते कापताना वाया किती जाते यावर कारागिराची किंमत ठरे. हे काम बोटांत उतरायला वर्षे लागत. पण एकदा उतरले की डोक्याला त्यात गुंतावे लागत नसे. गॉम्पर्स यांनी स्वतः लिहिले आहे की हात आपोआप चालत आणि मन विचार करायला, ऐकायला, गाणी म्हणायला मोकळे राही. सुतार किंवा लोहार यांना हे सुख नाही. ठोकाठोकीच्या आवाजात वाचन ऐकता येत नाही. सिगारच्या कारखान्यात मात्र शांतता असे, म्हणून तेथे वर्तमानपत्रे, अर्थशास्त्राचे ग्रंथ, कामगार चळवळीची पत्रके हे सगळे वाचले जाई आणि त्यावर वाद होत. गॉम्पर्स यांचा आवाज चांगला होता, त्यामुळे वाचण्याचे काम वारंवार त्यांच्याकडे येई. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाचे उच्च शिक्षण ते हेच.

१८७३ मध्ये ते डेव्हिड हिर्श यांच्या कारखान्यात लागले. तेथे केवळ निष्णात कारागीर घेत, आणि त्यांतील बरेच जण युरोपातील राजकीय दडपशाहीमुळे देशोधडीला लागलेले जर्मन समाजवादी होते. या मंडळींमध्ये फर्डिनांड लॉरेल नावाचा एक स्वीडिश कामगार होता. तो पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करून आलेला आणि मार्क्स कोळून प्यायलेला होता. तरुण गॉम्पर्स त्याच्याकडून ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ समजून घेऊ लागले आणि मूळ वाचता यावे म्हणून जर्मन शिकले. समाजवाद्यांच्या सभांना जा, ऐक, पण त्यांच्या पक्षात शिरू नकोस, असे लॉरेल त्यांना सांगत असे. कोणतीही कल्पना पुढे आली की आपले युनियनचे कार्ड काढून बघ. तिच्याशी मेळ बसत नसेल तर ती कल्पना खरी नाही, हा त्याचा सल्ला गॉम्पर्स जन्मभर उद्धृत करत राहिले. मार्क्सवाद्याने दिलेल्या या सल्ल्यातून अमेरिकेतील सर्वांत बिगर-समाजवादी कामगार चळवळ उभी राहिली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक अरिष्ट आले. बेकारांनी १३ जानेवारी १८७४ रोजी न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स चौकात सभा ठरवली. परवानगी ऐन वेळी रद्द झाली, ती बातमी जमलेल्या हजारो लोकांपर्यंत पोहोचली नाही, आणि घोडेस्वार पोलीस लाठ्या घेऊन गर्दीत घुसले. गॉम्पर्स तेथे होते. तळघराच्या पायऱ्यांत उडी मारली म्हणून त्यांचे डोके वाचले. यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पुरता पटत नाही, पण तो समजून घेण्यासारखा आहे. पोलिसांच्या क्रौर्याबरोबरच त्यांनी भडक भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांनाही दोष दिला. क्रांतीची भाषा बोलली की सगळे शहर घाबरते आणि त्याची किंमत भाकरी मागणाऱ्याला मोजावी लागते, असे त्यांचे मत झाले, आणि ते कधी बदलले नाही.

दरम्यान मेजावरही उलथापालथ चालली होती. लाकडी साचे आले होते. जुडी साच्यात दाबून आकार देता येऊ लागल्यावर वर्षानुवर्षांच्या सरावाची गरज उरली नाही; एकाने जुडी बांधायची, दुसऱ्याने पान गुंडाळायचे, अशी कामाची फोड झाली. जुन्या कारागिरांची पहिली प्रतिक्रिया साच्यावर काम करणाऱ्यांना युनियनमध्ये न घेण्याची होती. ज्यांना आपण बाहेर ठेवतो त्यांनाच मालक आत घेतो, हे ओळखणाऱ्या थोड्या लोकांत गॉम्पर्स होते. १८७५ मध्ये उभ्या राहिलेल्या १४४ क्रमांकाच्या शाखेचे ते अध्यक्ष झाले, आणि या शाखेने साच्यावरचा असो की हातावरचा, बाई असो की पुरुष, इंग्रज असो, जर्मन असो की बोहेमियन, सर्वांना दार उघडे ठेवले.

बोहेमियन म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून आलेली कुटुंबे. त्यांच्या भोवतीच या कथेतील सर्वांत कठीण भाग आहे. मालकांनी नवी पद्धत काढली होती. ते एखादी चाळवजा इमारत भाड्याने किंवा विकत घेत, खोल्या सिगार वळणाऱ्या कुटुंबांना देत, तंबाखू खोलीवर पोचवत आणि मजुरीतून भाडे कापून घेत. नवरा, बायको, मुले, म्हातारी, सगळेच त्या कामात. मालकच घरमालक असल्याने संप केला की नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जाई. १८७७ च्या शरद ऋतूत हजारो सिगार कामगारांनी या पद्धतीविरुद्ध संप केला तेव्हा नेमके असेच घडले. कुटुंबेच्या कुटुंबे सामानासह रस्त्यावर काढण्यात आली. संप हिवाळाभर रेटला गेला आणि शेवटी फसला. युनियनजवळ पैसा नव्हता. गॉम्पर्स यांचे नाव काळ्या यादीत गेले, काही महिने कोणी काम देईना, आणि घरातील किडूकमिडूक गहाणवटदाराकडे गेले.

पराभवानंतर पुढारी बहुधा एकमेकांना शिव्या देतात. गॉम्पर्स आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी अडॉल्फ स्ट्रॅसर यांनी हिशेबाची वही उघडली. स्ट्रॅसर हंगेरीहून आलेले आणि त्यांचाही धंदा हाच. दोघांनी युनियनची वर्गणी वाढवली, संप करण्याआधी मध्यवर्ती मंडळाची मंजुरी बंधनकारक केली, आणि ज्या शाखेकडे पैसा जास्त तिच्याकडून कमी असलेल्या शाखेकडे तो वळवण्याची सोय केली. आजारपणात मदत, मृत्यूनंतर कुटुंबाला मदत, दुसऱ्या गावी काम शोधायला जाण्यासाठी उसने पैसे, पुढे बेकारीतही भत्ता, असे लाभ एकेक करून सुरू झाले. यातील बरेचसे इंग्लंडमधील संघटनांचे अनुकरण होते. जास्त वर्गणी गरिबाला डोईजड वाटते, असा आक्षेप होताच. पण स्वस्त युनियन मंदी आली की विरून जाते आणि पैसे गुंतलेला सभासद ती सोडत नाही, हे पुढील मंदीत दिसून आले. सिनेटच्या समितीपुढे १८८३ मध्ये साक्ष देताना तुमचे अंतिम ध्येय काय, असे विचारल्यावर स्ट्रॅसर म्हणाले की आम्हाला अंतिम ध्येय नाही, आम्ही रोजच्या रोज पुढे जातो. हे वाक्य पुष्कळांना कोते वाटते. मला त्यात १८७७ च्या हिवाळ्याची थंडी जाणवते.

घरातले काम बंद करण्यासाठी त्यांनी कायद्याचाही मार्ग धरून पाहिला. गॉम्पर्स पुस्तकविक्रेता बनून, हातात पुस्तकांचे नमुने घेऊन खोल्याखोल्यांत शिरले आणि तेथे पाहिलेले सविस्तर लिहून कामगारांच्या जर्मन वृत्तपत्रात छापून आणले. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत तेव्हा थिओडोर रूझवेल्ट नावाचा एक श्रीमंत घरातील तरुण नुकताच निवडून आला होता आणि असा कायदा मालकाच्या हक्कांत ढवळाढवळ करतो, असे त्याला वाटत होते. गॉम्पर्स त्याला त्या इमारतींत घेऊन गेले. एका खोलीत दोन कुटुंबे, अंथरुणाशेजारी आणि अन्नाच्या भांड्यांजवळ तंबाखूचे ढीग, इंग्रजी समजणारे एखादेच मूल. हे पाहून त्याचे मत फिरले, असे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांनीच लिहून ठेवले आहे. कायदा झाला. न्यायालयाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला. १८८४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा केला, तर जानेवारी १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तोही घटनाबाह्य ठरवला. निकालात म्हटले होते की सिगार कामगाराला घर आणि त्याच्या पवित्र सहवासातून बाहेर काढून दुसरीकडे काम करायला लावल्याने त्याचे आरोग्य किंवा नीती कशी सुधारेल, हे कळत नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला काकूंच्या घरातील वास आठवला. उशीला, भाकरीच्या टोपलीला, मुलांच्या दप्तरांना लागलेला तंबाखूचा तो उग्र दर्प ज्याने घेतला आहे, त्याला घराच्या पावित्र्याविषयीची न्यायमूर्तींची वाक्ये कोरड्या मनाने वाचता येणार नाहीत. आपल्याकडे उत्तर वेगळे काढण्यात आले. १९६६ च्या कायद्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानले, मालकाने त्यांची नोंद ठेवावी असे सांगितले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. काम घरातच राहिले. नोंद किती ठिकाणी होते, हे सोलापुरात कोणालाही विचारावे.

गॉम्पर्स यांनी दोनदा ठेच लागल्यावर कायद्याचा नाद सोडला. एकेका कारखानदाराविरुद्ध संप आणि चळवळ करून त्यांनी घरकाम इतके महाग पाडले की पुष्कळांनी ते स्वतःच बंद केले. जे विधिमंडळाने दिले नाही ते संघटनेच्या आर्थिक बळावर मिळवले, हा अनुभव त्यांच्या मनात इतका घट्ट बसला की पुढे पुरुष कामगारांसाठी आठ तासांचा कायदा किंवा सरकारी बेकारी विमा यांनाही त्यांनी विरोध केला. त्यांच्या टीकाकारांना हे गूढ वाटते. निकालपत्र वाचल्यावर ते तेवढे गूढ राहत नाही, चुकीचे मात्र राहते.

८ डिसेंबर १८८६ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे निरनिराळ्या धंद्यांच्या युनियन एकत्र येऊन ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ स्थापन झाले आणि छत्तीस वर्षांचे गॉम्पर्स वर्षाला एक हजार डॉलर पगारावर अध्यक्ष झाले. कचेरी म्हणजे सिगार युनियनने दिलेली आठ फूट बाय दहा फुटांची खोली, फायली ठेवायला खोकी आणि हरकाम्या म्हणून स्वतःचा मुलगा. त्याच वर्षी १ मे रोजी आठ तासांच्या दिवसासाठी देशभर झालेल्या संपाची हाक याच मंडळींच्या आधीच्या संघटनेने दिली होती. त्याच संपाच्या दिवसांत शिकागोतील एका कामगार सभेत झालेल्या बाँबस्फोटाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या अराजकवाद्यांची मते गॉम्पर्स यांना मुळीच मान्य नव्हती, तरी त्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी राज्यपालांची भेट घेतली. पुढची कारकीर्द पुष्कळ ठिकाणी लिहिली गेली आहे. १८९४ च्या निवडणुकीत पडल्याने एक वर्ष गेले ते सोडले, तर मृत्यूपर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते.

आता त्या जहाजाकडे परत येतो. सिगारच्या धंद्यात कॅलिफोर्नियात चिनी कामगार मोठ्या संख्येने होते, आणि तेथील गोऱ्या कामगारांनी १८७० च्या दशकात पेटीवर पांढरी चिठ्ठी लावायला सुरुवात केली. हा माल गोऱ्या हातांनी केला आहे, एवढाच तिचा अर्थ. युनियनच्या मालावरची पुढे गाजलेली निळी चिठ्ठी हिचेच पुढचे रूप. न्यूयॉर्कमध्ये बोहेमियन बाईला दार उघडणाऱ्या गॉम्पर्स यांनी चिनी माणसासाठी ते कायमचे बंद ठेवले. चिनी स्थलांतराच्या बंदीला त्यांनी पाठिंबा दिलाच. वर १९०२ च्या सुमारास एका सहकाऱ्याबरोबर एक पत्रक काढले, ज्याच्या शीर्षकातच मांस विरुद्ध भात असा सामना मांडला होता. मांस खाणारा अमेरिकन कामगार भात खाणाऱ्या आशियाई मजुरापुढे टिकणार नाही, असा त्यातील युक्तिवाद. आईकडून कोकणातला असल्याने मी हे पत्रक वाचताना ताटाकडे पाहून थोडा हसलो, पण ते हसण्यासारखे नाही. साच्यावर काम करणाऱ्याला बाहेर ठेवणे आत्मघातकी आहे, हे पंचविसाव्या वर्षी ज्याला कळले होते, त्याला तोच न्याय वेगळ्या कातडीच्या माणसाला लावता आला नाही. याचा दोष काळावर टाकणे मला सोपे वाटते आणि म्हणून नको वाटते; त्याच काळात वेगळे बोलणारे लोक त्यांच्याच चळवळीत होते.

फेडरेशनने १८९७ पासून उचलून धरलेली स्थलांतरितांची साक्षरता परीक्षा अखेर १९१७ च्या कायद्यात आली. त्याच कायद्याने आशियाचा एक मोठा पट्टा नकाशावर आखून तेथील लोकांना प्रवेशबंदी केली, आणि भारत त्या पट्ट्यात होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ज्या पॅसिफिक किनाऱ्यावर शेतकी शिकले आणि गदर चळवळीत वावरले, तो किनारा त्यानंतर आपल्या लोकांना बंद झाला.

डिसेंबर १९२४ मध्ये गॉम्पर्स मेक्सिको शहरात होते. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला हजर राहिले, अमेरिका खंडातील कामगारांची परिषद चालवली, आणि तेथेच त्यांचे हृदय थकले. आपल्याला अमेरिकेच्या भूमीवर मरायचे आहे असे त्यांनी सांगितल्यावर सहकाऱ्यांनी त्यांना घाईने रेल्वेत घातले. गाडी सीमा ओलांडून टेक्सासमधील सॅन अँटोनियोला पोचली, आणि १३ डिसेंबरला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लंडनमध्ये जन्मलेला हा सिगार कामगार तेथे वारला.